बिब्ब्याची खूण

“आज्जी, हितं चावतंय,” म्हणत कस्तुरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि उजव्या हाताने डावं मनगट खसाखसा खाजवू लागली.

मी कापण्या तळत होते. मागच्या खेपेला तिनं डब्यातल्या सगळ्या संपवल्या होत्या, म्हणून या रविवारी सकाळीच पीठ मळून ठेवलं होतं. “डास आसंल. थांब, खोबरेल लावते,” म्हणून मी वळले, तिचा हात धरला आणि उजेडाकडं वळवला.

मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी सगळ्यात मऊ असते तिथं, काडेपेटीतल्या काडीएवढ्या दोन उभ्या काळ्या रेघा होत्या. त्यांच्या खाली एक ठिपका. भोवतीचा भाग लालबुंद झाला होता.

“कुणी काढलं गं ह्ये?”

“मीच.”

“कशानं?”

तिनं हनुवटीनंच पुढच्या खोलीकडं दाखवलं. मी गॅस बंद केला आणि धावले.

पुढची खोली म्हणजे आमची लॉन्ड्री. फळीवर लॉजच्या अभ्र्यांचा ढीग होता आणि त्याच्या शेजारी टाचणी टोचलेला बिब्बा, मी ठेवला होता तसाच. मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, नव्हे; मी. दहाच्या आत खुणा उरकाव्यात म्हणून मी बसले होते. दहाच्या ठोक्याला पोर आली आणि तिला उचलून घ्यायच्या घाईत मी बिब्बा तिथंच टाकून बाहेर पळाले. अडीच तास तो फळीवर पडून होता.

आता तरुण पोरांना बिब्बा दाखवला तर ती विचारतात, हे काय काळं बोंड? आम्हा परटांचं सगळं आयुष्य त्याच्यावर गेलं. टाचणीनं टोचलं की काळा चीक येतो. त्या चिकानं कॉलरच्या आत खूण काढायची, वर चुन्याचं बोट लावायचं. कपडा फाटेल पण खूण जायची नाही. गावातल्या प्रत्येक घराची खूण ठरलेली. डॉक्टर हजाऱ्यांची फुली, लॉजचा त्रिकोण, पतपेढीच्या साहेबांचे तीन ठिपके. मालक चौथी शिकलेले, पण तीनशे घरांच्या खुणा त्यांच्या तोंडपाठ. चाळीस वर्षांत एका घरचा कपडा दुसऱ्या घरी गेला असं दोनदाच झालं, आणि ते दोन्ही वेळा माझ्यामुळं झालं असं ते शेवटपर्यंत म्हणायचे. कुणी मार्कर वापरा म्हटलं तर त्यांना राग यायचा. “शाई तीन धुण्यात उडती. ही खूण मढ्यासंगं जाती,” असं म्हणायचे.

पण हा चीक अंगाला लागला तर भाजतो. आमचे हात निबर झालेले, आम्हाला काही होत नाही. कुणाकुणाला मात्र तो उततो. फोड येतात, सूज येते, अंग पेटतं. आमच्या मुलाला, नंदूला, उतायचा. सहा वर्षांचा असताना त्यानं बिब्ब्याला नुसता हात लावला, तर तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. त्यानंतर मी त्याला फळीजवळ फिरकू दिलं नाही. तो शिकला, दूध संघात नोकरीला लागला, ते एका अर्थी बिब्ब्याच्या भीतीनंच.

आणि कस्तुरी नंदूची मुलगी होती. त्याचे डोळे, त्याचं नाक, त्याच्यासारखीच झोपेत पाय झाडायची सवय. हे सगळं बघून मी दर खेपेला सुखावत होते. कातडीही त्याचीच असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी तिचा हात नळाखाली धरला. साबण लावला, खोबरेल चोपडलं. खुणा जागच्या हलल्या नाहीत. हलतील कशा?

तेवढ्यात मागच्या अंगणातून मालक चादरी घेऊन आत आले. “काय चाललंय?” त्यांनी मनगट बघितलं. बिब्ब्याबद्दल ते काही बोललेच नाहीत. खुणेकडं बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“दोन रेघा,” ते म्हणाले. “सरांचं घर.”

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. दोन उभ्या रेघा म्हणजे वसगडेकर सर. कस्तुरीच्या आईचे वडील. सरांचे पांढरे सदरे आणि बाईंच्या साड्या आमच्याकडं तीस वर्षं यायच्या. त्यांच्या मृणालनं आमच्या नंदूशी लग्न केलं त्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या.

“बाळ, ही खूण तुला कुणी दावली?” मालकांनी विचारलं.

कस्तुरीनं ओठ घट्ट मिटले. “सांगायचं नाही. आईनं सांगितलंय.”

मालक चादरी तशाच ठेवून खुर्चीवर बसले. “बघ,” ते मला म्हणाले, “आपण दोन वर्सं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आन् पोरीनं आपल्या घरात, आपल्या बिब्ब्यानं, अंगावर त्यांची खूण काढली.”

मलाही लागलं. पण मला त्या वेळी खुणेपेक्षा घड्याळ दिसत होतं. पाऊण वाजला होता. पाचला सर येणार होते.

नंदूला ट्रकनं उडवलं तेव्हा कस्तुरी चार वर्षांची होती. तेराव्या दिवशी सर मुलीला माहेरी न्यायला आले. मालकांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते भरल्या घरात म्हणाले, “सून जाऊ दे, नात आमची हाय, ती हितंच ऱ्हाईल.” मृणालनं हे ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. संध्याकाळच्या आत ती पोरीला घेऊन गेली, आणि नंतर दोन वर्षं आम्हाला नातीचं तोंड धड दिसलं नाही. एकच गाव, आष्टा केवढं ते! बाजारात सरांच्या स्कूटरवर पुढं उभी असलेली दिसायची आणि आम्हाला बघितलं की सर स्कूटर वळवायचे. तेराव्याचं ते बोलणं आम्ही आमच्या वकीलबाईंना कधी सांगितलं नाही.

सांगलीच्या कोर्टातून कागद निघाला. एक रविवार आड, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, तीन महिने बघू, मग पुढचं ठरवू. वकीलबाईंनी बाहेर आल्यावर आम्हाला झाडाखाली उभं करून सांगितलं होतं, “आजी-आजोबांना नातवंड भेटलंच पाहिजे, असं कायद्यात सरळ लिहिलेलं नाही. जजसाहेबांच्या मनात आलं म्हणून मिळालंय. मुलीचं भलं कशात, एवढंच ते बघणार. तिला साधं खरचटलं तरी समोरचे कागद करतील, आणि मग मी काही करू शकणार नाही.” घरी आल्यावर मालकांनी अंगणातल्या दगडांच्या कडा कानशीनं घासल्या होत्या. मी विळीला कुलूप लावलं होतं. हसू नका, खरंच लावलं होतं. आणि बिब्बा फळीवर ठेवून आले.

तो पाचवा रविवार होता. दर वेळी सर बरोबर दहाला कोपऱ्यावर स्कूटर थांबवायचे, पोरीला उतरवायचे आणि खिशातली डायरी काढून वेळ लिहायचे. पाचला परत तेच. आमच्याशी शब्द नाही.

“लांब बाह्यांचं काही हाय का तिचं?” मालकांनी विचारलं.

आणि मी, सांगायला लाज वाटते, उठून शोधायला लागले. कुणाच्या तरी इस्त्रीला आलेल्या कपड्यांतून मी एक लहान, पूर्ण बाह्यांचा झगा काढला. पोरीला घातला. बाही मनगटावर ओढली. “कस्तू, सर... तुझे अण्णा आले की हात असा खाली ठेवायचा हं.”

“का?”

“उगंच.”

तिनं माझ्याकडं बघितलं. सहा वर्षांच्या पोरांना सगळं कळतं. “आज्जी, तू भ्यालीस?”

“न्हाई गं.”

“तुझा हात हलतोय.”

दोन वाजता तिनं जेवायला नको म्हटलं. कापण्यांना हात लावला नाही. आम्ही तिला निजवलं. मालक पंख्याखाली बसून तिच्या हातावर ओलं फडकं ठेवत होते, बदलत होते. मी तीळ वाटले, खोबरं किसलं, दोन्हीचा लेप लावला. बिब्ब्यावर आमच्यात हाच उतारा. नंदूच्या वेळीही मी हेच केलं होतं. आणि त्याच वेळी मला एक भलतीच गोष्ट आठवली. नंदूला बिब्बा मोठेपणी आणखी एकदा उतला होता. लग्नाच्या आदल्या वर्षी. उजव्या हाताचं एक बोट आठ दिवस केळ्यासारखं सुजून राहिलं होतं. कशाला हात लावलास म्हटलं तर म्हणाला, तात्यांना, म्हणजे मालकांना, मदत करत होतो. मालक म्हणाले, ह्यानं कधी मदत केली? त्यावर आम्ही सगळे हसलो होतो.

तीनच्या सुमारास कस्तुरी उठून बसली आणि डोळा चोळू लागली.

“चोळू नगं, बाळ.”

तिनं हात खाली घेतला. उजव्या डोळ्याची पापणी फुगली होती. खुणा काढताना चीक बोटाला लागला असणार, त्याच बोटांनी तिनं डोळा चोळला असणार. कधी, ते देवाला माहीत. मी बघता बघता सूज गालावर उतरत होती.

“दिसतंय का? ह्या डोळ्यानं दिसतंय का?” माझा आवाज मलाच परका वाटला.

“थोडं थोडं.”

मालक उठले, दारापर्यंत गेले, परत आले. “उतरंल. पाचपर्यंत उतरंल. नंदूचं उतरलं हुतं.”

“नंदूचं चार दिसांनी उतरलं हुतं.”

“मग काय करतीस? डॉक्टरकडं नेलं की कागद हुतो. कागद झाला की झालं! परत तोंड दिसायचं न्हाई तिचं. कळतंय का तुला?”

कळत होतं. मला तर तेवढंच कळत होतं. मी तिथंच जमिनीवर बसले. एकीकडं तिचा डोळा आणि एकीकडं तिचं तोंड दिसणं, आणि मी, तिची सख्खी आजी, त्या दोन्हींचा विचार करत बसले होते. किती वेळ बसले? दहा मिनिटं असतील. ती दहा मिनिटं मी आजवर कुणाला सांगितली नाहीत.

कस्तुरी रडत नव्हती. ती म्हणाली, “आज्जी, आईला बोलाव ना.”

मी उठले. कोर्टाचा कागद देव्हाऱ्यात ठेवलेला होता. त्याच्या तळाला मृणालचा नंबर होता, अडीअडचणीला म्हणून दिलेला. मी तो कधी लावला नव्हता. मालकांनी फोनवर हात ठेवला. मी त्यांच्याकडं बघितलं. चाळीस वर्षांत त्यांच्याकडं असं कधी बघितलं नसेल. त्यांनी हात काढून घेतला.

“हॅलो?”

“मी... कस्तूची आजी बोलतीय.”

“काय झालं तिला?”

“बिब्बा लागलाय. हाताला. आन् डोळ्याला.”

“डोळ्याला? तिला घेऊन हजाऱ्यांकडं जा. आत्ता. मी येते.”

डॉक्टर हजाऱ्यांचा दवाखाना रविवारी बंद असतो, पण ते वरच राहतात. मालकांनी पोरीला उचललं आणि अनवाणी रस्त्यानं पळत सुटले. साठीच्या वरचा माणूस. मी मागं. आम्ही घंटा दाबून उभे होतो तोवर मृणालची स्कूटी आली. दोन वर्षांत मी तिला इतक्या जवळून बघितलं नव्हतं. वाळली होती. तिनं आमच्याकडं बघितलं नाही. मालकांच्या खांद्यावरून पोरीला घेतलं.

डॉक्टरांनी डोळा उघडून बॅटरीनं बघितला. नळीनं पाणी सोडत राहिले, सोडत राहिले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात एकच, डोळा वाचू दे, मग मला पोरगी दिसली नाही तरी चालंल. असं मी म्हटलं खरं. पण म्हणतानाही मला माहीत होतं की ते चालणार नाही.

“आत गेलेलं नाही,” शेवटी डॉक्टर म्हणाले. “पापणीवरच राहिलंय. इंजेक्शन देतो. पण अजून थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं.”

मृणालनं पहिल्यांदा माझ्याकडं तोंड केलं. “किती वाजता झालं?”

‘आत्ताच’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. देवाशपथ, आला होता.

“साडेबाराला,” मी म्हणाले.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पावणेचार झाले होते. “तीन तास?”

मी मान हलवली.

“तीन तास तुम्ही काय केलंत?”

“भ्यालो हुतो,” मालक म्हणाले.

“आणि मी?” मृणाल म्हणाली. “मी दर खेपेला सात तास काय करते, माहीत आहे तुम्हाला? खिडकीत बसते. तुम्ही तिला परत पाठवणार की नाही, या भीतीनं बसते. तुम्हीच म्हणाला होता ना, नात आमची आहे म्हणून?”

मालकांनी मान खाली घातली. त्या वेळी दार उघडलं आणि सर आत आले. मृणालनं घरातून निघताना त्यांना चिठ्ठी ठेवली असावी. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली, श्वास चढलेला. त्यांनी पोरीचा सुजलेला डोळा बघितला, मग मनगट.

“डाग दिलाय,” ते म्हणाले. “डॉक्टर, डाग दिलाय मुलीला! हे लिहून द्या. मला लेखी पाहिजे.” त्यांचा आवाज शाळेतला होता, सगळ्या गावानं ऐकलेला. “दत्तोबा, तुमचा मुलगा गेला, मला कळतं. पण मला हिच्याशिवाय कोण आहे हो?”

दत्तोबा म्हणजे आमचे मालक. त्यांनी हात जोडले.

डॉक्टरांनी पेन उघडलं. त्या टोपणाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आता सगळं संपलं, असं मला स्पष्ट वाटलं.

“अण्णा, थांबा,” मृणाल म्हणाली. ती पोरीचा हात उजेडाकडं धरून बघत होती. दोन रेघांवरून तिचं बोट खाली सरकलं आणि ठिपक्यापाशी थांबलं. मला वाटत होतं, तो ठिपका म्हणजे चुकून पडलेला चिकाचा थेंब. “कस्तू, हा ठिपका पण तूच काढलास?”

कस्तुरीनं एका डोळ्यानं आमच्याकडं बघितलं, मग आईकडं. “सांगू?”

“सांग.”

“तो बाबाचा. तुझ्या ओढणीवर आहे ना, तसा. दोन रेघा म्हणजे आई, खालचा ठिपका बाबा. मला पण पाहिजे होता. नाहीतर मी कुणाची ते कसं कळणार?”

मृणाल स्टुलावर बसली. कुणाला उद्देशून नव्हे, असं बोलली. “इस्त्रीचे कपडे घेऊन तोच यायचा, आठवतं ना अण्णा? एकदा माझ्या ओढणीच्या कडेला आमच्या खुणेखाली एक ठिपका आला. मी म्हटलं, चुकला असेल. पुढच्या वेळी दुसऱ्या ओढणीवर तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचं बोट सुजलेलं होतं. विचारलं तर म्हणाला, मला बिब्बा उततो. मग कशाला हात लावतोस म्हटलं, तर नुसता हसला.” ती थांबली. “एक ओढणी मी ठेवली आहे. कस्तू झोपत नाही तेव्हा तिला दाखवते.”

मी भिंतीला धरूनच खाली बसले. केळ्यासारखं सुजलेलं बोट. आठ दिवस. आणि आम्ही हसलो होतो.

सर खिडकीबाहेर बघत होते.

“काय लिहू?” डॉक्टरांनी विचारलं.

“खरं आहे ते,” मृणाल म्हणाली. “बिब्बा. मुलीनं खेळताना स्वतः लावून घेतला.” मी श्वास सोडणार, एवढ्यात ती पुढं म्हणाली, “आणि तीन तास उशिरा आणलं, तेही लिहा.”

डॉक्टरांनी लिहिलं. सरांनी कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात, डायरीच्या मागं ठेवली. जाताना कस्तुरीनं आईच्या खांद्यावरून आम्हाला हात केला, तोच हात.

पुढचे चौदा दिवस कसे गेले ते विचारू नका. वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “तो कागद कोर्टात आला तर मी आधीच सांगितलं होतं ते होईल. वाट बघा.” मालकांनी बिब्ब्याचा डबा मागच्या परसात खड्डा काढून पुरला. चाळीस वर्षांचा डबा. दुसऱ्या दिवशी ते बसस्टँडजवळच्या स्टेशनरीतून एक काळा मार्कर घेऊन आले आणि तो फळीवर ठेवला. तोही आपला गुन्हेगारासारखा, अभ्र्याखाली झाकून.

आमच्या वाट्याचा पुढचा रविवार आला. नऊलाच आम्ही दोघं अंघोळी करून ओट्यावर बसलो. दहा वाजले. कोपऱ्यावर कुणी नाही. सरांची स्कूटर कधी एक मिनिट मागं-पुढं झाली नव्हती. दहा पाच. मालक म्हणाले, “रस्त्यावर गर्दी आसंल.” रस्त्यावर एक कुत्रं होतं. दहा दहा. मी उठून आत गेले आणि कापण्यांच्या डब्याचं झाकण उगीच लावून परत आले. सव्वादहाला मालक उठले. “चल आत,” म्हणाले. त्यांचा आवाज असा होता की मला त्यांच्याकडं बघवेना.

तेव्हा कोपऱ्यावरून मृणाल चालत येताना दिसली. कस्तुरी तिचं बोट धरून, पूर्ण बाह्यांच्या फ्रॉकात. कोपऱ्यावर त्या थांबल्या नाहीत. थेट ओट्यापर्यंत आल्या आणि मृणाल पायरी चढली. नंदूच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा.

“स्कूटी पंक्चर झाली,” ती म्हणाली. मग पर्समधून घडी घातलेला कागद काढला. “अण्णा हा वकिलाला देणार होते. मी मागून घेतला. हा माझ्याजवळ राहील.” तिनं तो परत पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली. “पुन्हा तिला काही झालं तर पहिला फोन मला. तीन तासांनी नाही, आई.”

ती मला ‘आई’ म्हणाली हे मला ती गेल्यावर कळलं. त्या वेळी मी फक्त “व्हय, व्हय” म्हणत होते.

कस्तुरी तोवर लॉन्ड्रीत पोचली होती. आम्ही तिघंही मागं धावलो, तिघंही एकदमच दारात अडकलो. तिनं अभ्र्याखालून मार्कर काढला होता.

“आबा, हा उततो?”

“न्हाई बाळ. ही नुसती शाई. तीन धुण्यात जाती.”

“हात द्या.”

मालकांनी हात पुढं केला. गावाचे डाग धुऊन धुऊन पांढरा पडलेला, भेगाळलेला हात. तिनं जीभ बाहेर काढून मनगटावर दोन उभ्या रेघा काढल्या. खाली ठिपका. मग थोडा विचार करून, त्याच्या शेजारी आणखी एक ठिपका.

“हा कोण?” मालकांनी विचारलं.

“मी.”

कस्तुरी आता एकोणीस वर्षांची आहे. पुण्याला शिकते, कुणाला न विचारता येते आणि महिनाभर राहते. तिच्या मनगटावर त्या रेघा अजून पुसट दिसतात. सर गेले, मालकही गेले.

पण मार्करच्या त्या रविवारी संध्याकाळी ती घरी गेल्यावर मालक बराच वेळ दिव्याखाली आपलं मनगट बघत बसले होते. सोमवारी सकाळी लॉजचं धुणं आलं. मी बादल्या भरल्या, साबण काढला आणि त्यांना हाक मारली. ते इस्त्रीच्या टेबलापासून हलले नाहीत.

“इस्त्री मी करतो,” ते म्हणाले. “पाण्यात हात तू घाल.”

तो सगळा पंधरवडा गावचं धुणं मी एकटीनं धुतलं.